कोणतं दार उघडायचं?

पाणी खात्यात तिला सगळे ‘अवलंबून मॅडम’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं. तळ्याचं पाणी पुढच्या आठवड्यात कसं असेल, असं कुणी विचारलं की ती चष्मा पुसायची आणि म्हणायची, ते वाऱ्यावर अवलंबून आहे. वाऱ्याचं कळलं की उन्हावर, ऊन झालं की गाळावर. मॅडमना किती वाजले विचारलं तरी त्या आधी सूर्याची चौकशी करतील, असं जॅकवेलवरचा, म्हणजे तळ्यातल्या पंपांच्या विहिरीवरचा, व्हॉल्व्हमन म्हणायचा.

ती तळ्याची शास्त्रज्ञ. दर सोमवारी होडी मध्यावर न्यायची, दोन्ही तोंडं उघडी असलेली बाटली दोरीने खाली सोडायची, मग त्याच दोरीवरून एक छोटं वजन घसरत जायचं आणि खोल पाण्यात बाटलीची तोंडं खट्कन मिटायची. तो खटका दोरीतून बोटांना कळला की तिची कळी खुलायची. मीटिंगमध्ये मात्र तोंडात मिठाची गुळणी.

दुखणं जुनंच होतं. उन्हाळ्यात गावाच्या नळाला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. पाणी उचलणाऱ्या जॅकवेलला एकाखाली एक तीन दारं होती आणि खात्याचा नियम असा, की तळाचंच दार उघडं ठेवायचं, म्हणजे पाणी कितीही उतरलं तरी पंप कोरडे पडत नाहीत. पण उन्हाळ्यात तळ्यात दोन थर होतात. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार पाणी त्याच्याखाली कोंडून पडतं, हवा न मिळून नासतं. नेमकं तेच गावाला जायचं. शुद्धीकरण केंद्रात ते पिण्याजोगं व्हायचं, वास तेवढा चिवट. वरचं दार उघडावं तर तिथे शेवाळ.

तिच्या सासूबाई ग्लास ओठांना लावण्याआधी नाकाशी न्यायच्या. वास आला की ग्लास खाली. घरी फिल्टर बसवून झाला, पण त्यांचं नाक फिल्टरच्या वरताण. मूतखड्याने एकदा हॉस्पिटल दाखवलेलं, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून बजावलेलं, आणि या बाई उन्हाळाभर तहान मारत बसायच्या. तिला ते बघवत नसे. तळं आपल्या हातातलं आणि घरातलं माणूस तहानलेलं, याची तिला लाज वाटायची.

अहवाल ती दरवर्षी द्यायची. खातं तो दरवर्षी बासनात गुंडाळून ठेवायचं.

त्या वर्षी मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. उन्हाळ्यानंतर ते निवृत्त होणार होते, आणि त्यांनी तिचा अहवाल चक्क शेवटपर्यंत वाचला होता.

“छान आहे,” ते म्हणाले. “आता व्हॉल्व्हमनने सोमवारी सकाळी करायचं काय, ते कुठल्या पानावर आहे?”

ते कुठल्याच पानावर नव्हतं. त्यांना एका ओळीचा नियम हवा होता, खाली तिची सही. उन्हाळ्याआधी ते तसा आदेश काढणार होते. ती म्हणाली, अजून दोन वर्षं मोजमापं घेऊ द्या. त्यांनी वाद घातला नाही. मग तोवर तळाचंच दार, एवढंच म्हणाले.

घरी भाजी निवडताना तिने हे सासूबाईंना सांगितलं. चुकलं तर खापर आपल्यावर फुटेल, हेही सांगितलं. चुकलं तर होईल काय, असं त्यांनी विचारलं. वास येईल, ती म्हणाली.

“अगं, मग आत्ता काय येतंय?” सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजीला लागल्या.

तिने ओळ लिहून दिली. दर सोमवारी वरपासून खालपर्यंत पाण्याचं तापमान मोजायचं. ते जिथे एकदम घसरतं, त्याच्या लगेच वरचं दार उघडायचं. बहुतेक ते मधलं दार निघायचं. ऐन उन्हाळ्यात गावाला बिनवासाचं पाणी आलं. खात्यातले लोक तिला आपणहून चहा पाजू लागले. तीही जरा हवेत होती, हे कबूल करायला हवं.

मग एका बुधवारी दिवसभर सोसाट्याचा वारा सुटला. त्याने वरचं पाणी पलीकडच्या काठाला लोटलं, आणि अलीकडे जॅकवेलपाशी तळाचं नासकं पाणी वर चढून मधल्या दारापाशी उभं राहिलं. नियमात सोमवार होता, म्हणून व्हॉल्व्हमन सोमवारची वाट बघत राहिला. गावभर वास सुटला. ज्या बाईने जन्मभर वाऱ्याचं नाव घेतलं, तिच्याच नियमात वारा नव्हता. ओळ एकच हवी म्हणून तिने स्वतःच्या हाताने तो खोडला होता.

फोन वाजत राहिले. घरी सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, चूक माझी आहे, नियम रद्द करा.

“रद्द करायला तो आता तुमच्या एकटीचा राहिला नाही, खात्याचा झालाय,” साहेब म्हणाले. “कशाने झालं, कळलंय का?”

“वाऱ्याने.”

“मग वारा सुटला तर व्हॉल्व्हमनने काय करायचं?”

“वरचं दार उघडायचं. थोडं शेवाळ चालेल. दुसऱ्याच दिवशी मोजायचं, सोमवारची वाट बघायची नाही.”

“लिहा,” म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला. लिहून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण एकदाही चष्मा पुसला नाही.

पुन्हा तसाच वारा सुटला, तेव्हा ती ऑफिसच्या खिडकीतून हलणाऱ्या फांद्या बघत बसली होती. तिने फोन उचलायच्या आत व्हॉल्व्हमनचाच आला. वरचं दार उघडलंय, उद्या मोजू, आणि मॅडम, होडी सकाळी तयार ठेवतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई शेजारणीच्या भांडणाची हकीकत सांगत होत्या. शेजारीण काय म्हणाली, यांनी कसं सुनावलं, सगळं साग्रसंगीत. सांगता सांगता त्यांनी ग्लास उचलला, थेट तोंडाला लावला आणि रिकामा केला. सुनेचा घास हातातच राहिला. सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही. शेजारीण पुढे काय म्हणाली ते सांगत त्यांनी दुसरा ग्लास भरून घेतला.