बाल्कनीतलं प्लेव्हना

ओल्या वाळूचा वास आला आणि मी चकल्यांचं ताट घेऊनच बाल्कनीत धावले. लेक दिवाळीचा किल्ला करत होती!

इथेच आखातात, अल नस्र भागातल्या जुन्या फ्लॅटमध्ये लहानपणी मी आणि दादाही करायचो. पण इथली वाळूच ती, बुरूज उभा केला की ढासळायचा. एका दिवाळीत शेजारचे तुर्की इंजिनिअर, इल्हान अंकल, ते बघून हसले.

"वर बांधू नका, खाली खणा. रशियाशी लढताना माझे पणजोबा प्लेव्हना गावात असेच खंदकात बसले होते."

मग काय! आम्ही खंदक खणले. नाशिकहून आणलेले मातीचे मावळे त्यात उतरून तुर्क झाले. दादाच्या गोट्या म्हणजे रशियन फौज.

"यल्ला! चला!" अंकल ओरडले. गोट्या सुसाट सुटल्या आणि खंदकाच्या अलीकडेच वाळूत रुतल्या. पुन्हा हल्ला, पुन्हा फजिती! मी अशी किंचाळले की आई पिठाच्या हातांनी धावत आली.

"मग पुढे?" मी विचारलं.

अंकल जरा थांबले, हे आता आठवतं. "पुढे काय? खलास, आपण जिंकलो. चकल्या आणा!"

हल्ले फसल्यावर रशियनांनी नुसता वेढा घातला आणि प्लेव्हना उपासमारीने पडलं, हे मला कॉलेजात कळलं.

आज लेकीनेही खंदक खणून माझ्या गोट्या परतवल्या. वाळूने माखलेली ती डोळे चमकवत म्हणाली, "अँड देन, आई?"

मी ताट पुढे केलं. "खलास, तू जिंकलीस. आधी खा."