आत्याच्या राबातली ऊब

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिंदच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होते. गावी, किन्हवलीला पोचेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घुमत होती... तिनं मला ‘पटलं’ असं कधीच म्हटलं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि याचा मला अभिमान आहे. पण ते घडलं आत्यामुळे. दहावीनंतर माझं लग्न ठरवायला निघालेल्या आजोबांसमोर माझ्या वडिलांची ही विधवा बहीण उभी राहिली. “पोर शिकंल. काय शिकली ते मी गावाला सांगीन,” असा शब्दच दिला तिनं. म्हणून मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले तेव्हा ती मला धरूनच बसली, सांग, काय शिकलीस?

मी सांगितलं, विश्व पसरतंय. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची गावंच्या गावं, एकमेकींपासून लांब चालल्यात. जी जितकी दूर, तितकी भरभर.

“म्हून आपला बांध दर साली सरकतो व्हय!”

“नाय गो आत्या, तो शेजारचा नाना सरकवतो. जवळचं एकमेकाला धरून असतं, ते नाय पसरत.”

हसून झाल्यावर तिनं विचारलं, “कशावरून?” लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश येता येता ताणला जातो, तांबड्याकडे झुकतो, असं मी म्हटलं. “तांबडा तर मावळतीचा सूर्य पन दिसतो. तो काय पळतो का?” मी दोन्हींतला फरक समजावत बसले, ती तांदूळ निवडत बसली. “बघू,” म्हणाली. तिचं ‘बघू’ म्हणजे नाही. आणि न पटलेलं ती गावाला काय सांगणार होती?

मग एका उन्हाळ्यात आम्ही राब भाजला. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत रचून ते जाळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं राखेवर तळवा ठेवला. एका कोपऱ्यात, मग मध्ये, मग पलीकडे. सगळीकडे सारखी ऊब लागली तर राब नीट भाजला. मला एकदम सुचलं.

“आत्या, काल तू इथं नसतीस, तर आग झाली व्हती हे कळलं असतं?”

“हात सांगतो की.”

“आभाळात पन तशीच ऊब हाय. कुठंही यंत्र धर, जवळजवळ सारखीच. सुरुवातीला सगळं विश्व दाटीवाटीनं तापलेलं व्हतं, त्यातली ही राहिलेली. पसरत गेलं म्हून निवत गेलं. आता बर्फापेक्षा कितीतरी थंड हाय... पन हाय.”

तिनं तळवा उचलला नाही. “म्हंजी... आपुन पन त्यातच व्हतो?”

“आपुन, हे शेत, समोरचा माहुलीचा डोंगर, सगळं ज्याचं झालं ते त्यातच व्हतं.”

माझ्याच अंगावर काटा आला. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेलं वाक्य मी जणू पहिल्यांदाच ऐकत होते. वर कोवळं ऊन, खाली कोमट राख, आणि दोन्हींच्या मागे इतकी जुनी धग, की तिच्या आधी ‘आधी’ तरी होतं का, हे कोणालाच सांगता येत नाही... आत्या उठली, हात झटकला. “बघू,” म्हणाली.

तिच्या दहाव्याला ओटीवर शेजारची बारकीकाकू माझ्याजवळ येऊन टेकली. “राब भाजला का तुझी आत्या आमा सगळ्यांना हात लावाया लावायची. म्हणायची, आभाळाला अशीच ऊब हाय, आमच्या पोरीनं शिकून आणलंय. आमी हसायचो. तर अशी रागवायची...” काकूनं आवाज खाली आणला. “खरं हाय का गो ते?”

“खरं हाय, काकू.”

काकू आपल्या तळव्याकडे बघत राहिली. “मग आमी उगाच हसलो,” म्हणाली.