पाच रुपयांचे नाणे आणि रोजचा फोन

निवृत्तीला पाच वर्षे झाली, तरी ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी फसवणाऱ्यांचा राग येतो.

मी तेव्हा देवरूखला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खबर पतपेढीच्या व्यवस्थापकाने दिली. जवळच्या गावातले एक आजोबा मुदतीआधीच ठेव मोडायला आले होते. कारण काय, तर घरातले पाच रुपयांचे स्मरणार्थ नाणे फोनवरचा कोणी खरेदीदार लाखोंना घेणार होता आणि त्याआधी 'कर' भरायचा होता. मी हवालदाराला पाठवून त्यांना चहाला बोलावले.

आजोबा आले, पण तोंड उघडेनात. तो खरेदीदार कोण, 'करा'चे आधी किती हप्ते भरले, काही नाही. फिर्यादीची चौकशी कधी कधी आरोपीपेक्षा अवघड असते. शेवटी मी रत्नागिरीच्या एका जुन्या नाणेसंग्राहकाला फोन लावला आणि आजोबांना ऐकवला. संग्राहक म्हणाले, अशी नाणी ढिगाने चलनात येतात, त्यांचे पाचच रुपये. टांकसाळीने डबीत घालून विकलेल्या संचाला किंवा पाडताना चुकलेल्या नाण्याला हौशी माणूस जास्त देतो, पण वर्णनावरून हे तसले नव्हे.

आजोबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिथे मला शंका आली. मी हवालदाराला बाहेर पाठवले आणि विचारले, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हतां," ते म्हणाले. "दुसऱ्या हप्त्यालाच समाजलां. पन नाण्याचां सांगितल्यापासनं ममईचा पोरगा रोज फोन करतो. आदी शिमग्याला न् गनपतीला करायचा. रोज इचारतो, पुढं काय झालां? मग कायतरी पुढचां व्हायला नको?"

मुलाला सांगू नका, एवढीच त्यांची विनवणी होती. पण ठेव वाचवायची तर घरच्यांना कळवणे भाग होते. मी व्हरांड्यात जाऊन मुलाला फोन केला. हप्त्यांचे ऐकून तो हादरलाच.

"साहेब, त्या नाण्याला काही किंमत नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "पण आबा माझ्याशी दुसरं काही बोलतच नाहीत. नाण्याचा विषय काढला की अर्धा तास बोलतात. पैसे भरतायत हे कुठे माहीत होतं?"

रीतसर गुन्हा नोंदवला. पैसे ज्या खात्यात गेले ते सायबर शाखेने गोठवले, थोडे पैसे परत मिळाले, ठेव वाचली.

फसणारा माणूस हावरट असतो, असे नोकरीभर ऐकत आलो होतो. त्यानंतर असा फिर्यादी समोर बसला की मी रकमेआधी एक विचारायचो: घरी तुमच्याशी कोण बोलतं?