ठेवणीतलं नाव

जालन्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत आज जी चाळिशी-पन्नाशीची माणसं मिशा पिळत किंवा पदर खोचत हिंडताहेत, त्यांतल्या निम्म्यांचं पहिलं नाव वेगळंच होतं आणि ते त्यांना स्वतःला माहीत नाही. ते फक्त आमच्या सिस्टरबाईंना माहीत आहे. मोंढ्यातला एक जाडजूड अडत्या बारा दिवस शमशोन होता. बियाण्याच्या कंपनीत एक साहेब आहे, गाडीचं दार दुसऱ्यानं उघडल्याशिवाय तो खाली उतरत नाही. तो बारा दिवस याकोब होता. एका पुढाऱ्याचं नाव मी सांगत नाही, पण तो बारा दिवस एस्तेर होता, कारण त्या आठवड्यात वॉर्डात मुलगेच मुलगे झाले आणि सिस्टरबाईंजवळची पुरुषांची नावं संपली.

सिस्टरबाई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. नवीन जालन्यात स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. त्या इस्राएली, म्हणजे यहुदी. त्यांचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. वडील निजामाच्या रेल्वेत गार्ड होऊन जालन्याला आले. पुढे घरातले एकेक करून इस्राएलला गेले, काही वर गेले, आणि सिस्टरबाई एकट्या इथं राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "रोज वॉर्डात बायकांचं वरडणं ऐकून राह्यले, मला काय येड लागलंय?"

आपल्याकडं बारशापर्यंत लेकराला नाव नसतं. बाळ म्हणायचं, छकुली म्हणायचं, भागून जातं. सिस्टरबाईंचं भागत नसे. वॉर्डात पंधरा पाळणे, पंधराही बाळ, मग हाक कोणाला मारायची? शिवाय बिननावाचं लेकरू त्यांना बघवत नसे. म्हणायच्या, "पाव्हणा घरात आल्यावर बारा दिवस त्याला अरे ए म्हणून बोलावता का?" म्हणून नाळ कापली की त्या आपल्या घरातलं एक नाव त्या लेकराला उसनं द्यायच्या. त्यांच्या घरात नावं नवीन काढायची रीतच नव्हती. आजोबाचं नातवाला, आजीचं नातीला, तीच नावं पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेली. एका घरात तीन अब्राहाम. एक म्हातारा अब्राहाम, एक चष्म्याचा अब्राहाम, आणि एक न बोलणारा अब्राहाम. रिबका दोन, पण त्या एकमेकींशी बोलत नसल्यामुळे घोटाळा होत नसे.

आणि हे नाव त्या डोळे मिटून देत नसत. लेकरू उचलून, उलटंसुलटं करून बघायच्या. जाड असलं तर शमशोन, कारण त्या नावाचे चुलत आजोबा एका बैठकीत अख्खा फणस संपवायचे. भोकाड पसरलं तर एस्तेर, कारण एस्तेर आत्या खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी भांडायची. शनिवार त्यांच्या विश्रांतीचा. त्या दिवशी चूल पेटवायच्या नाहीत, पण बाई अडलेली आहे असा निरोप आला की निघायच्या, आणि वॉर्डात शिरल्या शिरल्या पोटातल्या पोराला झापायच्या, "आजच सुचलं का रे तुला?" शनिवारच्या मुलाला, आधीच्या कोणाकडे अडकलेलं नसलं तर, रहमीम हे नाव ठरलेलं. रहमीमकाका म्हणजे पंगत उठल्यावर दारात उभा राहणारा माणूस. माझा मुलगा शनिवारचा. तो बारा दिवस रहमीम होता आणि आज टेम्पो चालवतो, तरी मी भांडी घासायला घेतल्यावरच जेवायला येतो.

लोक चिडायचे नाहीत असं नाही. भोकरदनकडचे एक पाटील होते. तीन मुलींवर नातू झाला म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन आले, तर सिस्टरबाई नातवाला म्हणत होत्या, "मोशे, मूठ सोड." पाटलांचा फेटाच हलला. म्हणाले, "ओ बाई, आमच्या वंशाच्या दिव्याला हे काय भलतंच म्हणून राह्यला?"

"बारा दिवस म्हणणार. मंग तुमचं तुमच्याजवळ."

"अन् त्याला सवय लागली मंजे?"

"लागू द्या की. मोशे लई मोठा माणूस होता, पाटील. अख्खी जमात त्यानं गुलामीतून काढली. तुमचा निदान दहावी तर काढंल."

आमच्या गल्लीतल्या चाचींचा दावा वेगळा होता. "सिस्टर, ये तो सब हमारे नाम हैं. मूसा, दाऊद, इब्राहिम, याकूब. बिलकुल हमारे." यावर सिस्टरबाईंचं उत्तर ठरलेलं, "आमच्याकडून नेलेत, सांभाळून वापरा." मग दोघी चहा प्यायच्या आणि पुढच्या वेळी हेच भांडण पहिल्यापासून करायच्या.

आता नाव उसनं दिलं म्हणजे ते परत घेणंही आलं, आणि ते सिस्टरबाई कधी चुकवत नसत. बारशाचं बोलावणं नसलं तरी त्या हजर. बायकांनी पाळणा म्हणून, कानात कुर्र करून नवं नाव ठेवलं, की सिस्टरबाई पुढे व्हायच्या. लेकराच्या कपाळावर एका बोटानं टिचकी द्यायच्या, म्हणायच्या, "अब्राहाम, चल घरी," आणि पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. त्या गाठीत नाव. मग ओंजळभर घुगऱ्या घ्यायच्या आणि चघळत घरी जायच्या. घरी गेल्यावर गाठ सोडली की नाव पुढच्या लेकराला मोकळं. मी म्हटलं, "राहू द्या की एखादं, काय बिघडतं?" तर म्हणाल्या, "एक नाव दोघांना दिलं, तर हाक मारल्यावर दोघंबी येत न्हाईत." माझी लेक त्यांच्या हातची. ती बारा दिवस हन्ना होती. बारशाला त्यांनी टिचकी मारली तेव्हा ती रडली, आणि सिस्टरबाई मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "बघ, नाव सोडवत न्हाई तिला."

एक नाव मात्र त्यांनी कधी कोणाला दिलं नाही. त्यांच्या आईचं. योखेबेद. मोशेच्या आईचं हे नाव. तिनं म्हणे राजाच्या माणसांपासून वाचवायला पोराला टोपलीत घालून नदीत सोडलं होतं. वॉर्डात मुलीच मुली झाल्या आणि सगळ्या सारा, राहेल, लेआ संपल्या, तरी ते नाव बाहेर निघालं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते ठेवणीतलं आहे." जसं आपण ठेवणीतलं लुगडं म्हणतो तसंच. थोरल्या भावानं इस्राएलला जाताना शब्द दिला होता, माझ्या घरात पहिली नात होईल तिला आईचं नाव. त्या शब्दावर सिस्टरबाई म्हाताऱ्या झाल्या.

नात झाली. ठाण्याहून आलेल्या त्यांच्या भाच्यानं मोबाईलवर दाखवली. गोरीपान, टक्कल असलेली. मी शेजारीच बसले होते. सिस्टरबाईंनी विचारलं, नाव काय ठेवलं. पलीकडून भाऊ म्हणाला, ताल. तिकडच्या भाषेत ताल म्हणजे दव म्हणे. सिस्टरबाई म्हणाल्या, "अन् दुसरीचं काय ठेवणार, तबला?" भाऊ सांगत होता की ती जुनी नावं आता तिकडं कोणी ठेवत नाही, पोरं शाळेत हसतात. सिस्टरबाईंनी मोबाईल उपडा करून ठेवला. भाऊ आतून बोलतच राहिला.

त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाल्या, "माझ्या आईला आता हाक मारणारं मीच उरले. मी गेल्यावर ती खरी मरंल." मला असलं बोलणं आवडत नाही. मी म्हटलं, "भाकरी गरम आहे तोवर खा." पण घरी आल्यावर मला सुद्धा घास गेला नाही.

त्यानंतर माझ्या लेकीला मुलगी झाली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दोनदा पोट पडलेलं, आणि ही तिसऱ्या खेपेची दिवस भरायच्या आधीच आली. मुठीएवढी. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी, झोपलेल्या पालीचं हलावं तसं एवढंसं पोट हलत होतं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. लेकीची सासू म्हणाली, नाव-बिव काही काढू नका, नाव घेतलं की माया लागते. मीही तेच म्हटलं. अशा वेळी शहाणं माणूस तेच म्हणतं. लेक भिंतीकडे तोंड करून पडून होती.

सिस्टरबाईंना तोवर निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. गुडघे गेलेले. तरी रिक्षा करून आल्या. नव्या नर्सनं अडवलं तर तिच्याकडे फक्त बघितलं, आणि ती बाजूला झाली. पेटीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सारा म्हणतील, नाहीतर लेआ. मी हळूच म्हटलं, "सिस्टरबाई, हिला नको. परत न्यायला बारशापर्यंत टिकायला पायजे ना."

"म्हणूनच उसनं न्हाई द्यायचं," त्या म्हणाल्या. मग काचेला तोंड लावून, वॉर्डभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी हाक मारली, "योखेबेद!"

लेकीनं भिंतीकडचं तोंड वळवलं. म्हणाली, "सिस्टरमावशी, एवढुशी हाये ती. एवढं मोठं नाव?"

"मोठंच पायजे. हलकं नाव पंख्याच्या वाऱ्यानं उडून जातं. हे वजनदार आहे, दाबून ठेवतं माणसाला जागेवर."

मग त्या रोज येऊ लागल्या. रोज काचेवर टिचकी आणि रोज तीच हाक. लेकही हाक मारू लागली, मग सासू, मग ती अडवणारी नर्स. पोरगी जगली ती त्या पेटीनं, औषधानं आणि डॉक्टरांनी जीव टाकून मेहनत केली म्हणून. नावानं कोणी जगत नाही, एवढं चौथी शिकलेल्या मलाही कळतं. पण माझी लेक उठून बसली ती त्या हाकेनं, हेही मी डोळ्यांनी बघितलं. जी पोर जाणारच म्हणून सगळे तिच्याकडे पाठ करून बसलो होतो, तिच्याकडे आम्ही तोंड केलं. याचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानू? मानलेही नाहीत. त्यांना आवडलं नसतं.

बारसं दीड-दोन महिन्यांनी, घरी आणल्यावर झालं. बुद्धवंदना झाली, पाळणा झाला, आत्यानं कानात प्रज्ञा नाव ठेवलं. आणि सिस्टरबाई उठल्या. सगळ्या बायका पाळण्याजवळ सरकल्या, कारण पुढे काय होणार ते जालन्यात कोणाला माहीत नाही? माझी लेक पाळण्याची दोरी घट्ट धरून बसली. सिस्टरबाई एका हातात ताट घेऊन आल्या होत्या, वर रुमाल झाकलेला. त्यांनी वाकून टिचकी मारली. पोरगी त्यांच्याकडे टकामका बघत राहिली. सिस्टरबाई म्हणाल्या, "हं. बस तिथंच."

गाठ मारली नाही. ताटावरचा रुमाल काढला. गूळ घातलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, वर फळांच्या फोडी. मलिदा. त्यांच्यात मनातलं मागणं पुरं झालं की मलिदा करतात, एलिया पैगंबराच्या नावानं. तो करायचा तर चार माणसं जमवून प्रार्थना म्हणावी लागते. त्यांनी एकटीनंच म्हटली, आम्ही बायका हात जोडून उभ्या राहिलो. चाचींनी तीनदा मलिदा मागून घेतला. नंतर मी ओसरीत विचारलं, "नाव न्यायचं राह्यलं तुमचं." तर म्हणाल्या, "घरी नेऊन काय करू? तिथं ओ कोण देतंय?" आणि घुगऱ्या कमी घातल्या म्हणून मला बोल लावून गेल्या.

गेल्या वर्षी त्यांचा भाचा त्यांना ठाण्याला घेऊन गेला. एकटीला जमत नव्हतं, गॅस चालू ठेवून विसरायच्या. शेजारच्या घराला आता कुलूप आहे. जाताना रिक्षात बसेपर्यंत त्यांनी भाच्याला सामान नीट न बांधल्याबद्दल सुनावलं, आणि मी रडत नाही हे बघून म्हणाल्या, "शहाणी आहेस."

दर शनिवारी दिवेलागणीनंतर, त्यांचा विश्रांतीचा दिवस संपला की फोन येतो. माझी चौकशी नाही, गुडघ्यांची नाही, जालन्याची नाही. एकच, "योखेबेद आहे का?" लेक मुलीला घेऊन दर शनिवारी माझ्याकडे येते ती त्याच्यासाठीच. प्रज्ञा आता दुसरीत आहे. शाळेत प्रज्ञा म्हणून हजेरी देते आणि त्या फोनवर योखेबेद म्हणून. सुरुवातीला सिस्टरबाई तिला अभ्यास विचारायच्या. हल्ली त्यांचं डोकं मागे मागे चाललंय. मागच्या शनिवारी फोनचा आवाज मोठा होता म्हणून मला पलीकडचं ऐकू आलं. बारीक, लहान पोरीसारखा आवाज होता तो. "आई, तू जेवलीस का?"

मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला. पण प्रज्ञानं माझ्याकडे बघितलंही नाही. कमरेवर हात ठेवून, तिची आई बोलते अगदी तशी, म्हणाली, "जेवले गं. तू जेवलीस ना? मग झोप आता."

"बरं," असं पलीकडून आलं, आणि फोन बंद झाला.