मिठाचा वाढपी

आमच्या गावच्या तरुण मंडळाचा मी सचिव आहे. वय बावन्न. अध्यक्ष माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मंडळातला सगळ्यांत लहान सभासद गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आला आणि हिरवा चष्मा लावून मंडळाच्या ओट्यावर बसला, तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "आते कुठे तू तरुण दिसी ऱ्हायना." पुढे महिनाभरात तोही मुलाकडे नाशिकला राहायला गेला. चष्मा मात्र ओट्यामागच्या कोनाड्यात विसरला. तो अजून तिथेच आहे.

मंडळ काढलं तेव्हा आम्ही खरोखर तरुण होतो. नाव बदलायचं नंतर राहून गेलं. बदलून ठेवणार तरी काय?

सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी आमचं गाव. केळी, पपई, मिरची. इतर गावांतली मंडळं गणपती बसवत, क्रिकेटचे सामने भरवत. आमच्या मंडळाचं काम एकच होतं, पंगत वाढणं. गावात कोणाचंही लग्न असो, साखरपुडा असो, नाहीतर तेराव्याचं जेवण, वाढायला आम्ही. याचे पैसे नसत. मात्र एक रीत होती. कार्याच्या आठ दिवस आधी, दिवे लागायच्या सुमाराला, घरधनी मारुतीसमोरच्या ओट्यावर यायचा. अध्यक्षाच्या हातात नारळ ठेवायचा आणि म्हणायचा, "पोरंहो, पंगत तुमनी." बस. त्यानंतर जेवणावळीची काळजी त्याने करायची नाही.

रीतीचा दुसरा भाग पोटाशी संबंधित होता. वाढपी आधी जेवत नसे. सकाळपासून बट्ट्यांच्या, घोटलेल्या वांग्यांच्या वासात उभं राहायचं, चारचारशे पानं वाढायची आणि तोंडात कण घालायचा नाही. शेवटचा पाहुणा हात धुऊन उठला की मग मंडळाची पंगत बसायची. आणि ती वाढायला स्वतः घरधनी. मग तो कितीही मोठा असो, धोतर खोचून आमच्यासमोर वाकायचा. तोवर वरणाला तळाचा वास लागलेला असे, बट्टी दगड झालेली असे, गोड बहुतेक संपलेलंच. पण तसं जेवण मी पुन्हा कुठे जेवलो नाही. कोणी कोणाच्या पानात चार बट्ट्या टाकून पळायचा, कोणी अर्ध्या जेवणात हसून हसून ठसका लागून पडायचा. एकदा पाणी पिता पिता मीसुद्धा पडलो होतो.

मंडळात प्रत्येकाचं एक भांडं ठरलेलं. अध्यक्षाकडे वरणाची बादली. बाकीच्यांकडे बट्टी, भाजी, भात, गोड. माझ्याकडे मीठ.

यामागे इतिहास आहे. घरात तो इतक्या वेळा सांगून झालाय की मी "माझ्या पहिल्या पंगतीला" असं म्हणायला लागलो की मुलगा उठून चार्जर शोधायला जायचा. तरी सांगतो. पहिल्या पंगतीला मला वरणाची बादली दिली होती. मी एकवीस वर्षांचा, पँट नवी, आणि समोरच्या रांगेत वऱ्हाडातल्या मुली. व्हायचं तेच झालं. ओगराळं माझ्या हातात राहिलं आणि निम्मी बादली नवरदेवाच्या काकाच्या मांडीवर. काका जे उठले ते थेट विहिरीच्या दिशेने. लग्न मोडता मोडता राहिलं. संध्याकाळी ओट्यावर माझ्यावर बैठक बसली. एक म्हातारा म्हणाला, "याले मीठ द्या. मीठघाई कोनी जयत नही." मिठाने कोणी भाजत नाही, हे खरंच होतं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तात्पुरतं आहे असं अध्यक्ष म्हणाला होता.

तीस वर्षं झाली.

मिठाचं काम वाटतं तितकं हलकं नसतं, असं मी तीस वर्षं म्हणत आलोय आणि ते तितकंच हलकं असतं. पितळेची एक थाळी, तिच्यात मीठ. सगळ्यांच्या आधी पंगतीत शिरायचं, पानाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूट टाकायची आणि पुढे. दुसऱ्यांदा मीठ कोणी मागत नाही. त्यामुळे मी सगळ्यांच्या आधी मोकळा व्हायचो आणि रांगेच्या टोकाला थाळी धरून उभा राहायचो. बाकीचे धावत असायचे, मी बघत असायचो. त्याचा एक फायदा झाला. अख्ख्या गावाचं जेवताना तोंड कसं दिसतं ते मला पाठ आहे.

मग एकेक जण जायला लागला. बट्टीवाला सुरतला, भातवाला नवापूरला मुलीकडे, गोडवाल्याला डॉक्टरने गोडाकडे बघायलाही मनाई केली. उरलेल्यांचा मोबाइलवर गट झाला. त्याचंही नाव तरुण मंडळ. त्यात रोज सकाळी फुलं येतात. मीही पाठवतो. वाढायला आता फुलंच उरली.

घरीही तसंच. बायको सूनबाईच्या दुसऱ्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून सुरतेला गेली, त्याला हे दुसरं वर्ष. मी जाऊ शकत नाही, कारण म्हैस आहे आणि पपई आहे. हे कारण मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण, तिथे चौथ्या मजल्यावर मी आणि टीव्ही असे दोघंच दिवसभर एकमेकांकडे बघत बसतो. संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो. मला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे थोरल्या नातीला आजोबा म्हणजे एक कपाळ आहे असं वाटतं. तिने माझं चित्र काढलं, त्यात फक्त कपाळ आणि पंखा होता.

अशात या उन्हाळ्यात अध्यक्षाच्या मुलीचं लग्न ठरलं. अध्यक्षाच्या! वरणाच्या बादलीच्या घरचं कार्य. मला आतून एकदम हुरूप आला. मंडळाच्या सहा बादल्या माझ्याकडे असतात, त्या मी चिंच लावून घासल्या. पितळेची थाळी तर अशी घासली की तिच्यात मला माझं कपाळ दिसलं. सुरतेहून बट्टीवाला येईलच, नवापूर काही लांब नाही, नारळ एकदा हातात पडला की सगळ्यांना फोन करायचे, असा मी हिशेब केला. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी संध्याकाळी जाऊन ओट्यावर बसलो.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. मला वाटलं, गडबडीत असेल. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेलो, चुकामूक नको. तिसऱ्या दिवशी समोरून जाणारी एक म्हातारी मावशी थांबली.

"काय रे, रोज आठे काय करी ऱ्हायना?"

"म्हैस येवानी शे," मी म्हणालो.

"म्हैस तं तुन्ही दारमा बांधेल शे."

मी कोनाड्यातला हिरवा चष्मा काढून पुसत बसलो.

पाचव्या दिवशी अध्यक्षाचा पुतण्या मोटारसायकलवरून आला आणि बसल्या जागेवरून पत्रिका देऊन गेला. जाड कागद, सोनेरी अक्षरं. सहकुटुंब सहपरिवार अगत्य येणेचे करावे. माझं सहकुटुंब सुरतेला होतं. मी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. खाली लिहिलं होतं, स्वरुची भोज. म्हणजे बुफे.

तरीही मी उरलेले तीन दिवस ओट्यावर गेलो. का ते विचारू नका.

लग्नाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. निघताना पितळेची थाळी कापडी पिशवीत टाकली, मिठाची पुडी वेगळी बांधून. वेळ काही सांगून येत नाही, असं मी म्हशीला म्हणालो.

मंडपात टेबलांची रांग, पांढरी कापडं, मागे हातमोजे आणि कागदी टोप्या घातलेली नंदुरबारची पोरं. पनीर होतं, पुलाव होता, पुऱ्या होत्या. एका कोपऱ्यात वरणभातसुद्धा होता. रांगेच्या शेवटी, सॅलडच्या बाजूला, वर भोकं असलेली एक लहान डबी. मीठ. ज्याला पाहिजे त्याने हलवून घ्यावं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीवर ती डबी लागली होती.

मी सवयीने रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. कोणाच्या ताटात काय कमी आहे बघू लागलो. तर एक टोपीवाला म्हणाला, "काका, ताट घ्या, लाइनीत या." मी म्हणालो, "तुमचं चालू द्या." त्याला वाटलं मी तपासणीला आहे. तो घाईघाईने टेबल पुसायला लागला.

येणारा जाणारा विचारत होता, "जेवना का?" मी म्हणत होतो, "पाहुना होऊ द्या." दोनचा मुहूर्त साडेतीनला लागला. अक्षता पडल्या. लोक जेवले, पान खाल्लं, गाड्यांत बसले. मी पाहत उभा. पोटात कावळे ओरडत होते, पण ते ओळखीचे कावळे होते, त्यांना ठाऊक होतं की आपलं शेवटी असतं.

मुलीची पाठवणी झाली. अध्यक्ष गाडीच्या काचेला हात लावून पार रस्त्यापर्यंत चालत गेला. मी मंडपात परतलो तर टेबलांचे पाय मिटलेले, टोपीवाली पोरं टेम्पोत भांडी चढवत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला थांबायला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटची पंगत बसणारच नव्हती. पाचशे माणसं जेवून गेलेल्या मांडवातून मी एकटा गाढव उपाशी निघालो होतो, बगलेत थाळी घेऊन.

निघणार तेवढ्यात अध्यक्ष आला. फेटा काढलेला, डोळे सुजलेले. बायका आत त्याच्या बायकोला धरून बसल्या होत्या. त्याला धरायला कोणी नव्हतं. तो एका खुर्चीवर बसला.

"जेवना का रे?"

"जेवनू," मी म्हणालो.

तो खुर्चीतून पुढे वाकला. "खोटं नको बोलू. तू कधी आधी जेवना शे?"

मी पिशवी दुसऱ्या बगलेत घेतली. "आनि तू?"

"कन्यादानना उपास व्हता." तो उठला. टेम्पोवाल्याला थांबवून एका बादलीत उरलेलं वरण आणि परातीत थोडा भात, चार पुऱ्या घेऊन आला. दोन पत्रावळी कुठूनशा शोधल्या. "बैस."

"तू बैस. मी वाढतो."

"घरधनी कोन शे? मी. मंडळले घरधनी वाढस. बैस खाले."

मी बसलो. त्याने लेंगा वर खोचला, वाकला आणि ओगराळ्याने माझ्या भातावर वरण घातलं. तीस वर्षांत त्याच्या हातून एक थेंब सांडला नव्हता, आज सांडला. मग स्वतःच्या पानात वाढून माझ्या शेजारी बसला. मांडवात आम्ही दोघंच, आणि पलीकडून मंडपवाले सतरंज्या गुंडाळत येत होते.

जेवायला हात घालणार तोच तो म्हणाला, "मी नारळ लई उनथू."

"नारळ घेऊन आला होतास? कधी?"

"तिसरा दिवशी. कोपरावरथीन पाह्यं. ओटावर तू एकलाच बशेल व्हता, कोना तरी चष्मा पुशी ऱ्हायनथा." त्याने भात कालवला, पण खाल्ला नाही. "नारळ मंडळना हातमा देतस. एकलाना हातमा कसा देऊ? मी मांगे फिरनू."

मला वाटलं होतं, तो विसरला. तो विसरला असता तर बरं झालं असतं.

एक घास त्याने तोंडात घातला आणि थांबला. "वरणमा मीठ नही शे."

खरंच नव्हतं. मी पिशवीतून थाळी काढली, पुडी सोडून तिच्यात ओतली. तो बघतच राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे पुन्हा भरले. मी उठलो. बसून मीठ वाढायची आमच्यात पद्धत नाही. त्याच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूट टाकली, दोन पावलं चालून माझ्या पानात टाकली. पंगत संपली. पुढे कोणी नव्हतं.

"काका, जरा उठता का?" मंडपवाला म्हणाला. "ही सतरंजी राहिली."

आम्ही पत्रावळी उचलून जमिनीवर सरकलो आणि उरलेलं जेवलो.

घरी आलो तर म्हैस ओरडत होती. तिला चारा घातला, थाळी धुतली, तेवढ्यात सुरतेचा फोन वाजला. बायकोने कपाळाकडे पाहून विचारलं, "जेवनात का?"

"जेवनू."

"पंगतमा कोन कोन व्हतं?"

"मंडळ व्हतं," मी म्हणालो.

"आख्खं?"

थाळी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यातून पाणी ओघळत होतं.

"आख्खं," मी म्हणालो.