गाडीजवळ कुणीतरी हवंच

आमच्या घरात सहल म्हणजे बायकांनी पहाटे चारला उठायचं आणि पुरुषांनी नऊला ‘अजून आटोपलं नाही का?’ म्हणायचं. मागच्या पंधरा ऑगस्टची गोष्ट. मुलगा झेंडावंदन करून आला आणि सावद्याहून आम्ही अकरा माणसं सात जणांच्या गाडीत कोंबून निघालो. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी धबधब्याजवळ, सासरची देवी आहे. श्रावणात जोडून सुट्ट्या आल्या की सगळं घर तिकडे जातं. माझ्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी, पायाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचा डबा आणि कानाशी नणंदेच्या मुलांचा कल्ला. नवरा गाडी चालवत मोठ्या दिरांशी केळीच्या बागेचं बोलत होता.

मी धुळ्याची. लग्नाला आठ वर्षं झाली तरी या घरात मी ‘धुळेवाली’च आहे. म्हणजे पाहुणी, पण कामाची. माझ्याशी कुणी बोलत नाही असं नाही. दिवसभर बोलतात. चहा टाक, टॉवेल दे, पोराला बघ. त्या गाडीत भोवती दहा माणसं होती, आणि यावल मागे पडेपर्यंत ‘चटणी घेतली ना?’ एवढं सोडून मला कुणी काही विचारलं नव्हतं. मला रडू येत होतं. का येतंय ते सांगता आलं नसतं, म्हणून मग रागच आला.

रस्ता एका नाल्यापाशी संपतो. तिथून घोटाभर पाण्यातून पलीकडे जायचं आणि पायवाटेनं वर. सगळे उतरले, चपला हातात घेतल्या. मी सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “आई, मला आत्ताच अडचण आली. मी खालीच बसते.”

साफ खोटं. अडचण-बिडचण काही नव्हती. मला एक तास हवा होता, ज्यात कुणी मला हाक मारणार नाही. पाळीच्या दिवसांत देवळात जायचं नाही या नियमाला मी कॉलेजात असताना किती नाकं मुरडली होती! आता त्याच्याच आडोशाला जाऊन बसले.

सासूबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “बस मंग. पोरं माह्याजवळ हायेत.” त्यांनी मुलीला कडेवर घेतलं, मुलाचा हात धरला. नवरा म्हणाला, “बरं झालं, गाडीजवळ कुणीतरी हवंच होतं.” चावी माझ्या हातात ठेवून तोही गेला.

मी सीट मागे केली, पाय वर घेतले आणि डबा उघडला. आठ वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी जेवले. ठेचा असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं, पण कुणासाठी उठायचं नव्हतं. अर्धा तास मजेत गेला.

मग वाटलं, कुणाशी तरी बोलावं. फोनला रेंज होती. आईला केला असता, पण आई जाऊन तीन वर्षं झाली. वहिनीला केला तर ती आधी ‘काय झालं?’ विचारणार, आणि काहीच झालेलं नाही हे कुठून सांगायला सुरुवात करू? कॉलेजच्या मैत्रिणीचा शेवटचा मेसेज वाढदिवसाचा, तोही मागच्या वर्षीचा. नावं वर-खाली करून फोन पर्समध्ये टाकला. घरात निदान चिडायला माणसं तरी असतात. इथे तेही नव्हतं, आणि मला फार एकटं वाटलं.

वर डोंगरात पाऊस वाढला असावा. काचा धुरकटल्या होत्या, त्यामुळे आधी पाण्याचा आवाजच बदललेला कळला. उतरून पाहिलं तर नाल्याचं पाणी लालभडक झालं होतं, आणि ज्या दगडांवरून माझी पोरं गेली ते दगड दिसतच नव्हते.

छत्र्या सगळ्या पलीकडे गेलेल्या. मी काठावर भिजत उभी राहिले. नवऱ्याचा फोन लागेना. आता मात्र मला त्या देवीची भीती वाटली. मी हात जोडून म्हणाले, “माय, मी खोटं बोलले. शिक्षा मला कर. पोरं तेवढी खाली आण.” तीनदा म्हणाले. चौथ्यांदा मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कोण होतं?

तासाभरानं पलीकडे मुलाचा पिवळा रेनकोट दिसला. मग सासूबाई, कडेवर मुलगी. पाणी ओसरायला आणखी तास गेला. तो तास सासूबाई आणि मी नाल्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या होतो. मग पुरुषांनी हाताला हात धरून साखळी केली आणि एकेकाला अलीकडे आणलं. मुलगी माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “आई, तू ओली कशी?”

परतताना सासूबाई मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसल्या. पुढे गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. पाय पुसत त्या हळूच म्हणाल्या, “नागपंचमीले तं तू दूर बसली होती. दिंडं मीच केली. पंधरा दिवसांत पुन्हा?”

लबाडी करायची तर तारखा तरी लक्षात ठेवाव्यात! आता भर गाडीत माझी शोभा होणार, असं वाटलं.

“मीबी इथंच बसे,” त्या म्हणाल्या. “तव्हा बैलगाडी व्हती. दर सालाले सांगे, अडचण हाये. माह्या सासूले कधी समजलंच नही.” पाय पुसलेल्या फडक्याची त्यांनी घडी घातली. “आता काय सांगू वं? या वयात तेबी निमित्त राह्यलं नही.”

घरी गेल्यावर खोटं निभावणं भाग होतं. चार दिवस देवापुढे दिवा त्यांनीच लावला, आणि त्याबद्दल आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

यंदा पुन्हा सगळे निघालो. नाल्यात पाणी बेताचंच होतं. सगळे उतरायला लागले तशी मी मोठ्यानं म्हणाले, “आईंचे गुडघे फार दुखताहेत. त्या खालीच बसतील.” त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, रोज केळीच्या बागेत चकरा मारतात. नवरा चक्रावला. “काल तर...” म्हणाला.

“गाडीजवळ कुणीतरी हवंच ना,” मी म्हणाले, आणि त्याच्या हातातली चावी घेऊन सासूबाईंच्या हातात दिली. भाकरींचा डबाही त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी माझ्याकडे मागच्या वर्षीसारखंच पाहिलं.

त्यांच्याशेजारची जागा रिकामी होती. फार वाटलं, आपणही तिथे बसावं. पण दोघींनी एकदम बसून चालणार नव्हतं. मी दोन्ही पोरांचे हात धरले आणि पाण्यात पाय घातला.