सहा पेन्सिल सेलचा मुहूर्त

बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटाखाली बसवायचा ठोकळा. तो लावला की जुना कॅमेराही दुप्पट मोठा दिसतो, आणि कॅमेरा मोठा दिसला की लोक मला ‘सर’ म्हणतात. आठवी अर्धवट सोडलेल्या माणसाला ते ऐकून कसं वाटतं, ते मीच जाणे.

परभणीकडचं आमचं गाव सोडून मी देवासला एका फोटो स्टुडिओत आलो. मालक मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथले. एका वाक्यात मराठी, हिंदी, मालवी तिन्ही यायच्या. त्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलं, स्टुडिओच्या वरची खोली दिली. आणि मी रोज सकाळी उठून आधी हीच काळजी करायचो, की आज आपल्याला काढून टाकतील.

मग त्यांची कंबर धरली आणि धारचं एक लग्न माझ्या एकट्यावर आलं. ‘बाकी फोटो कमीजास्त झाले तर चलेगा,’ ते पडल्या पडल्या म्हणाले. ‘अंतरपाट सरकतानाचा मात्र पाहिजेच. तो नाही आला तर इकडे येऊच नको, भिया, सीधा गावी जा.’ ते हसत म्हणाले. मी हसलो नाही.

ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या बसतात, दोन्ही थकलेल्या. देवास ते धार बसमध्ये मी दर दहा मिनिटांनी कॅमेरा चालू करून बघत होतो. बॅटरी आहे ना? आतलं घड्याळ मोबाईलशी जुळतं ना? बघून बघूनच संपवल्या म्हणा. सीमांतपूजनापर्यंत दोन्ही गेल्या, आणि चार्जर देवासला स्टुडिओतल्या प्लगमध्ये.

मुहूर्त अकरा सत्तावन्नचा. सव्वाअकरा होत आलेले. हॉल बदनावर रस्त्याला, चहूकडे गहू, दुकान एक नाही.

पण ग्रिपचा एक ट्रेही असतो. बॅटऱ्या काढून तो सरकवला की साध्या पेन्सिल सेलवर कॅमेरा चालतो. सेल लागतात सहा. मी नवरीच्या मावशीला गाठून सगळं सांगितलं.

‘सहाच ना?’ म्हणत मावशी शालू सावरून निघाल्या, मी मागे. रिमोटचे सेल बारीक निघाले. नवरीच्या आजोबांच्या बीपीच्या मशीनमध्ये मात्र चार मिळाले. आजोबा म्हणाले, ‘घे. आज माझं प्रेशर मोजूच नका, वाढलेलंच असणार.’ स्वयंपाक्याच्या रेडिओत दोन होते, पण एकाला पाणी सुटलेलं. पाच झाले. सहावा मी खुर्चीवर चढून हॉलच्या भिंतीवरून काढला. कॅमेरा चालू झाला. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाक्याच्याच पाया पडलो.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींनी सगळ्यांचे मोबाईल बंद करून पिशव्यांत टाकायला लावले होते. नवरीच्या घरात जुनी रीत अशी, की घटिका राखायला एक माणूस नेमतात. पूर्वी तो पाण्यातल्या वाटीकडे बघत बसे, आता भिंतीवरच्या घड्याळाकडे. या खेपेला नवरीच्या आत्याचे यजमान होते. जाड चष्मा, मान वर, हलायचं नाव नाही.

एक काकू गायल्या, दुसऱ्या गायल्या. त्यांच्या इंदूरच्या पुतणीने चिठ्ठीवरचं मराठी अडखळत, हिंदीच्या चालीत वाचलं. मग काकूंनी पहिल्यापासून धरलं. लोकांच्या मुठीत अक्षता ओल्या झाल्या. नवरदेव अंतरपाटामागे एका पायावरून दुसऱ्या पायावर.

‘अजून किती हो?’ गुरुजींनी विचारलं.

‘भरपूर वेळ आहे,’ आत्याचे यजमान म्हणाले. ‘अकरा बत्तीस.’

बोललो नसतो तर मुहूर्त टळला असता. बोललो तर फोटोग्राफर म्हणून माझं काय राहणार होतं?

‘ते घड्याळ बंद आहे,’ मी म्हणालो. ‘त्याचा सेल माझ्या कॅमेऱ्यात आहे.’

काकूंचा सूर मध्येच तुटला. गुरुजींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘मग मुहूर्तही कॅमेऱ्यातच बघ.’

ते टोमणा मारत होते. मी हुकूम समजून मेनू उघडला. बॅटरीची खूण लुकलुकत होती. कॅमेऱ्याचा स्क्रीन लावला की सेल खाल्ले जातात हे मला माहीत होतं, तरी बघितलं. ‘अकरा छप्पन्न,’ मी ओरडलो. ‘सत्तावन्न होतायत.’

आधी आजोबा हसले, मग मावशी, मग अख्खा हॉल. गुरुजींना ‘सावधान’ म्हणताना तीनदा थांबावं लागलं. अंतरपाट सरकला. मी कॅमेरा उभा धरून ग्रिपवरचं बटण दाबलं. एक, दोन, तीन. चौथ्याला कॅमेरा मेला.

पुढचे विधी मी मावशींच्या मोबाईलवर काढले.

देवासला मालकांनी तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. पहिला हललेला. दुसऱ्यात पडदा जेमतेम सुटलेला, नवरी पोट धरून हसतेय, नवरदेवाच्या मुंडावळ्या नाकावर, अक्षता हवेत.

‘सगळे हसतायत कशाला?’

मी सांगितलं. ते हसले, कंबरेने कळवळले, पुन्हा हसले. म्हणाले, ‘रविवारी राजगढला काम आहे. एकटाच जा.’

मी हो म्हणालो आणि लगेच रविवारची काळजी करायला घेतली.